मीटरच्या बाजूने

डेटाबेस भाड्याने घेऊ नये, असं माझं मत होतं आणि ते मी कधी मनात ठेवलं नाही. पुण्यातल्या मीटअपमध्ये, मुलाखती घेताना, क्लाएंटच्या बैठकीत, जिथे कुणी ऐकून घेईल तिथे मी ते मांडायचे. वेब सर्व्हर भाड्याचा चालेल, फोटो आणि फाइली भाड्याच्या जागेत राहतील, पण ज्या डिस्कवर लोकांच्या ठेवी आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट आहेत, ती कुठल्या रॅकमध्ये आहे हे मला ठाऊक हवं, असा माझा हट्ट. आज मी लोकांचे डेटाबेस क्लाउडमधल्या ‘मॅनेज्ड’ सेवांवर हलवून देते आणि त्याचेच पैसे घेते. जुने सहकारी याला पक्षांतर म्हणतात. म्हणोत बापडे. फक्त या पक्षांतरामागे ते जी कारणं धरून चालतात, ती माझी नाहीत.

माझा विरोध ऐकीव नव्हता. मायएसक्यूएलची मास्टर-स्लेव्ह जोडी उभी करणं, बिनलॉगमधली जागा टिपून ठेवणं, स्लेव्ह मागे का पडतोय ते शोधत बसणं, पावसात महाप्याच्या डेटा सेंटरला जाऊन डिस्क बदलणं, हे सगळं केलेलं होतं. आमच्या धंद्यात मान यातूनच मिळायचा. जो बिघडलेला डेटाबेस रिस्टोअर करून दाखवतो, त्याच्या टेबलाभोवती नवी मुलं घुटमळतात. हे सगळं उद्या वेबपेजवरच्या एका बटणात मावलं तर आपण उरलो कशाला? तेव्हा हे कुणापाशी बोलले नसते. पण माझ्या तात्त्विक विरोधात याचाही वाटा होता, आणि मनोगत लिहायचं तर ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ॲमेझॉनने आरडीएस आणलं ते २००९ साली, सुरुवातीला फक्त मायएसक्यूएलसाठी. ते मी जवळून पाहिलं तेव्हा माझं मत उलट पक्कं झालं, कारण आत नवीन असं काही नव्हतंच. मायएसक्यूएल तोच, यंत्र तसंच, खाली ईबीएस नावाची नेटवर्कवरून जोडलेली डिस्क. ‘मल्टी-एझेड’ घेतलं की दुसऱ्या एझेडमध्ये, म्हणजे त्याच परिसरातल्या पण वेगळी वीज आणि वेगळी इमारत असलेल्या केंद्रात, तसंच दुसरं यंत्र उभं राहतं. प्रत्येक लेखन दोन्हीकडे पोचेपर्यंत पुरं झालं असं धरत नाहीत. पहिलं यंत्र पडलं की एक-दोन मिनिटांत दुसरं त्याची जागा घेतं. उत्तम. पण तोवर हे दुसरं यंत्र नुसतं बसून असतं, त्यावर साधी सिलेक्ट क्वेरीसुद्धा चालवता येत नाही. भाडं मात्र दुप्पट, यंत्राचंही आणि डिस्कचंही. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया रीजनच्या, म्हणजे तिथल्या एझेडच्या गटाच्या, दराने जीबीमागे महिन्याला साडेअकरा सेंटची डिस्क तेवीस सेंटला पडते. (वाचता येतील असे दोन स्टँडबाय देणारा प्रकार आला तो २०२२ मध्ये.)

डिस्कच्या वेगाचं गणित त्याहून तऱ्हेवाईक. जीपी२ जातीच्या डिस्कला दर जीबीमागे सेकंदाला ३ आयओ, म्हणजे डिस्कवरची वाचनं किंवा लेखनं, मिळतात, म्हणजे १०० जीबीला ३००. गर्दी झाली तर साठलेली क्रेडिट्स खर्चून ३,००० पर्यंत जाता येतं, पण पूर्ण भरलेला साठाही तशा वेगाने अर्ध्या तासात संपतो. मग डेटाबेस रांगायला लागतो आणि फोन वाजायला लागतात. यावर सगळ्यांनी एकच तोडगा काढला होता: १०० जीबी डेटासाठी १,००० जीबीची डिस्क घ्यायची. जागा नको असायची, वेग हवा असायचा, आणि वेग फक्त जागेबरोबर मिळायचा. २०२२ च्या अखेरीस आरडीएसवर जीपी३ आली, तेव्हा कुठे हे दोन सुटे झाले. डिस्क एकदा वाढवली की जागच्या जागी लहान करता येत नाही, हल्ली ब्लू-ग्रीनचा वळसा घालून जमतं. टेस्टिंगचा डेटाबेस बंद करून ठेवला तर सात दिवसांनी तो आपण होऊन सुरू होतो, आणि बंद असतो तेव्हाही डिस्कचं भाडं चालूच. यातला एकही आक्षेप मी मागे घेतलेला नाही.

मत हललं ते दोन कंपन्यांनी जाहीरपणे लिहिलेले वृत्तान्त वाचून. दोन्ही माझ्याच पंथातल्या, डेटाबेस स्वतः सांभाळणाऱ्या.

पहिली गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या पोस्टग्रेसची रेप्लिका फार मागे पडली. ती नव्याने भरायची म्हणून एका अभियंत्याने तिची डेटा डिरेक्टरी पुसायची कमांड दिली. कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत ते त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवली, पण सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. रोज रात्री चालणारा पीजी-डंप कधीपासून अयशस्वी होत होता, कारण डेटाबेस ९.६ चा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं. अपयशाची ईमेल जायची, पण ती वाटेतच नाकारली जायची. वाचवलं कुणी, तर कुणीतरी टेस्टिंगसाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. तेवढ्या सहा तासांचा डेटा गेला. दुरुस्तीचं काम त्यांनी लोकांना थेट पाहू दिलं, याबद्दल मला त्यांचं आजही कौतुक आहे.

दुसरी गिटहब. २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या डेटा सेंटरचा नेटवर्कशी संबंध ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल सर्व्हर मुख्य म्हणून नेमले. जोडणी परत आली तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लेखन होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि पश्चिमेला नवं लेखन सुरू झालेलं. दोन्ही बाजू खऱ्या, आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. ४३ सेकंदांचं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. सेवा लवकर पूर्ववत करण्यापेक्षा डेटा शाबूत ठेवणं त्यांनी पसंत केलं, म्हणून इतका वेळ. त्यांच्या जागी मी तेच केलं असतं.

बाहेरची माणसं हे वाचून निष्काळजीपणा म्हणतात. हे काम केलेलं कुणी तसं म्हणणार नाही. ही माणसं माझ्यापेक्षा हुशार होती, हाताशी साधनं जास्त होती, आणि तरीही. रेप्लिका उभी करणं हा रेप्लिकेशनमधला सोपा भाग आहे. मी ज्याला कसब समजत होते ते मुख्यतः तेवढंच होतं. दोन प्रतींचं जुळेना तेव्हा खरी कोणती मानायची हे ठरवणं हा अवघड भाग. तो प्रसंग एका कंपनीत दोन-तीन वर्षांतून एखादेवेळी येतो, बहुधा अवेळी येतो, आणि ज्याचा सराव इतक्या क्वचित होतो त्यात कुणाचाच हात बसत नाही. हजारो लोकांचे डेटाबेस चालवणाऱ्याकडे मात्र डिस्क रोज मरतात, यंत्रं रोज पडतात. त्याच्यासाठी हा अपवाद राहत नाही, दिनक्रम होतो. ‘तज्ज्ञ माणसं’, ‘जागतिक दर्जा’ वगैरे जाहिरातींनी मला कधी पटवलं नाही. वारंवारितेच्या या साध्या मुद्द्याने पटवलं.

तरीही आरडीएसचा तो निवांत बसलेला जोडीदार आठवला की वाटायचं, वारंवारिता तुमची आणि बांधणी आमचीच जुनी, मग पैसे कशाचे घेता? त्याचं उत्तर मिळालं ते ॲमेझॉनच्याच ऑरोरा या डेटाबेसच्या अभियंत्यांनी २०१७ च्या सिगमॉड परिषदेत मांडलेल्या निबंधात. तो मी दोष काढायच्या तयारीनेच वाचायला घेतला होता.

त्यात आधी माझ्या जुन्या मांडणीची चिरफाड आहे. मायएसक्यूएलमध्ये एक ओळ बदलली तर किती गोष्टी लिहिल्या जातात? रीडू लॉग, बिनलॉग, १६ केबीचं अख्खं पान, पान अर्धवट लिहिलं जाऊ नये म्हणून त्याचीच दुसरी प्रत. ईबीएस हे सगळं स्वतःच्या आरशात पुन्हा लिहितं. मग हाच सगळा पसारा दुसऱ्या एझेडमधल्या यंत्राकडे जातो आणि तिथेही डिस्क व आरसा अशा दोन जागी उतरतो. यातले बरेच टप्पे एकामागून एक, म्हणजे प्रत्येकाची वाट पाहत. ऑरोराने विचारलं की नेटवर्कवरून पानं पाठवायचीच कशाला? काय बदललं याची नोंद, म्हणजे रीडू लॉग, तेवढीच पाठवू. त्या नोंदींवरून पानं तयार करायचं काम साठवण सांभाळणारी यंत्रं आपल्या सवडीने करतील. डेटाबेस चालवणारं यंत्र पानं लिहीतच नाही.

आणि ही नोंद जाते सहा ठिकाणी: तीन एझेड, प्रत्येकात दोन प्रती. सहापैकी चारांनी पोचपावती दिली की लेखन पक्कं, यालाच क्वोरम म्हणतात. बिघाडानंतर वाचून खातरजमा करायची तर तीन पुरतात. सहाच का, याचं उत्तर मला त्या निबंधातलं सर्वांत आवडलेलं. तीन एझेडमध्ये एकेक प्रत ठेवली आणि तीनपैकी दोघांच्या संमतीवर चाललं, तर कागदावर सगळं ठीक दिसतं. पण मोठ्या ताफ्यात कुठे ना कुठे एखादी डिस्क कायमच बिघडलेली असते. त्याच वेळी एक अख्खा एझेड बंद पडला तर हातात एकच प्रत उरते, आणि ती ताजी आहे की शिळी हे सांगायला दुसरी नसते. सहा असतील तर एझेड गेल्यावर चार राहतात आणि लेखन चालू राहतं. त्यात आणखी एक गेली तरी तीन उरतात, लेखन थांबतं पण डेटा शाबूत असतो आणि गेलेल्या प्रती पुन्हा बांधता येतात. डेटाचे तुकडे प्रत्येकी १० जीबीचे ठेवलेत तेही याचसाठी. १० जीबीपीएसच्या नेटवर्कवर एवढा तुकडा दहाएक सेकंदांत नव्याने भरता येतो, त्यामुळे दुसरा बिघाड यायच्या आत पहिला निस्तरलेला असतो. मी इतकी वर्षं बिघाड टाळण्याचा विचार करत होते. हे लोक बिघाड होणार असं गृहीत धरून दुरुस्तीला लागणाऱ्या वेळेवर काम करत होते.

त्यांनी केलेल्या अर्ध्या तासाच्या एका चाचणीत आरशावाल्या मायएसक्यूएलला एका व्यवहारामागे ७.४ आयओ लागले आणि ऑरोराला ०.९५, आणि तेवढ्याच वेळात ऑरोराने ३५ पट व्यवहार केले. चाचणी विकणाऱ्याची, लेखनाचा भार त्यांनी निवडलेला. आपल्या कामाला ३५ पट मिळतील असं कुणी समजू नये, मला कधी त्याच्या जवळपासही मिळालेलं नाही. दिशा मात्र बरोबर आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सॉक्रेटिस या नावाने मांडलेली रचना आणि गुगलचं अलॉयडीबी हेही लॉग आणि पानं वेगळी करण्याच्याच वाटेने गेले.

गिटहबचा पेच इथे कसा सुटतो? बऱ्याच अंशी तो उद्भवतच नाही. वाचनासाठीची यंत्रं, पंधरापर्यंत, मुख्य यंत्राच्याच साठवणीवरून वाचतात. त्यांची स्वतःची प्रत नसतेच, मग जुळायचं कशाशी? ती मागे पडतात ती फक्त आपल्या मेमरीतल्या पानांपुरती, बहुतेक वेळा १०० मिलिसेकंदांच्या आत. आणि मुख्य यंत्र बदलल्यावर जुन्याने उशिरा काही लिहायचा प्रयत्न केलाच तर साठवण ते स्वीकारत नाही. कोण खरं हे रात्री अडीच वाजता डोळे चोळत बसलेल्या माणसाने ठरवायचं राहत नाही. हे सगळं एका रीजनपुरतं, हे विसरू नये.

इथवर माझा नियंत्रणाचा मुद्दा सुटला होता. पैशाचा नव्हता. उलट तिथेच मी अडून बसले होते, कारण ऑरोरा आयओ मोजून पैसे घेतं. व्हर्जिनियाचे दर धरू: साठवण जीबीमागे महिन्याला १० सेंट, आणि दर दहा लाख आयओंना २० सेंट. महिन्याच्या सुरुवातीला बिल किती येईल हे सांगता येत नसेल तर तो हिशोब कसला, असं मी एका पतसंस्थेच्या अध्यक्षांना सांगितल्याचं आठवतं. ‘मॅडम, मग आपला सर्व्हरच बरा,’ ते म्हणाले आणि आम्ही दोघंही खूश झालो.

मत फिरलं ते दुसऱ्या एका क्लाएंटचं बिल ओळीओळीने वाचायला बसले तेव्हा. आकडे त्यांचे देत नाही, गोल आकडे घेऊन तोच हिशोब मांडते. डेटा ५०० जीबी, तर साठवणीचे ५० डॉलर. यंत्राचं भाडं ४०० धरा. सेकंदाला सरासरी १,००० आयओ, म्हणजे तीस दिवसांत २५९ कोटी, त्याचे ५१८ डॉलर. एकूण ९६८, त्यातले अर्ध्याहून जास्त आयओचे. पहिली प्रतिक्रिया अर्थातच ‘लूट!’ पण हे १,००० आयओ आले कुठून? वाचनाचा आयओ मोजला जातो तो पान मेमरीत सापडलं नाही तरच. लेखनाचा मोजला जातो लॉगच्या ४ केबीच्या हिशोबाने, पानांच्या नव्हे. म्हणजे हा आकडा कंपनीने लावलेला कर नाही, तो आपल्या क्वेरींचं वर्णन आहे. स्लो क्वेरी लॉग उघडला तर एक डॅशबोर्ड अख्खं टेबल चाळत होता, इंडेक्स नव्हता. वरचे आकडे सोडून वेगळं उदाहरण घ्या: टेबल २०० जीबीचं, १६ केबीची पानं, म्हणजे एका चाळणीला सुमारे १ कोटी ३१ लाख आयओ, २ डॉलर ६२ सेंट. दर तासाला चाळलं तर महिन्याचे जवळपास १,९०० डॉलर. एका न लावलेल्या इंडेक्सची किंमत.

महाप्याच्या सर्व्हरवरही असे डॅशबोर्ड होते. तिथे त्यांचे पैसे पडत नव्हते असं नाही. त्यांच्यामुळे सगळं मंदावायचं आणि आम्ही पुढच्या वर्षी मोठी डिस्क, जास्त मेमरी मागायचो. खर्च व्हायचा, फक्त कुणाच्या नावावर पडायचा नाही. आमच्या टीममध्ये इंडेक्ससाठी मी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला होता, तेवढ्यापुरतं ऐकलं जायचं. बिलातली एक ओळ मीटिंगमध्ये पडद्यावर लावली आणि त्याच आठवड्यात तो इंडेक्स लागला. डीबीए म्हणून माझा यात थोडा अपमानच झाला, पण काम झालं.

तेव्हापासून मी बिल आराखड्यासारखं वाचते, आणि नवीन मुलांनाही तेच करायला लावते. आरडीएसच्या मल्टी-एझेडमध्ये साठवण दुप्पट किमतीची, कारण तिथे खरोखर दुसरी डिस्क आहे. ऑरोरात सहा प्रती असूनही जीबीचे पैसे एकदाच, आणि वाचनयंत्र वाढवलं तर फक्त यंत्राचं भाडं, कारण साठवण सामाईक. हेच दुसऱ्या रीजनमध्ये प्रत ठेवायला गेलात तर तिथल्या साठवणीचे पैसे वेगळे आणि पलीकडे पाठवलेल्या प्रत्येक लेखनाचे वेगळे, कारण तिथे काहीच सामाईक नाही. विक्रेता सांगेल ते आणि डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय ते बाजूला ठेवा. कशाचे पैसे दोनदा लागतात आणि कशाचे एकदाच, एवढं पाहिलं तरी आतली बांधणी कळते.

दुसऱ्या रीजनचा विषय आपल्याकडे जरा नाजूक आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा फक्त भारतातच साठवायचा असा आदेश काढला. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ चं, त्यामुळे डेटा इथे ठेवायला अडचण नव्हती. पण अख्खी मुंबईच बंद पडली तर? तीन एझेड आणि सहा प्रती सगळ्या मुंबईतच. दुसरी प्रत सिंगापूरला ठेवायची सोय होती, पण ती या आदेशात बसत नव्हती. हैदराबाद रीजन सुरू झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये, तोवर ॲमेझॉनवर राहून याला सरळ उत्तर नव्हतं. मायक्रोसॉफ्टची केंद्रं मात्र २०१५ पासूनच पुणे, मुंबई आणि चेन्नई अशी तीन होती, आणि पेमेंटवाल्या एका क्लाएंटने तेवढ्याच कारणासाठी त्यांची निवड केली. क्वोरम आणि लॉगची सगळी सुंदर चर्चा एका परिपत्रकापुढे फिकी पडली.

मीटरबद्दल एक वाद अजून माझ्याच डोक्यात चालू असतो. लोकांच्या तक्रारींनंतर २०२३ च्या मे महिन्यात ॲमेझॉनने ‘आयओ-ऑप्टिमाइज्ड’ नावाचा पर्याय आणला. आयओचे पैसे शून्य. बदल्यात साठवण जीबीमागे साडेबावीस सेंट आणि यंत्राचं भाडं ३० टक्क्यांनी जास्त. महावितरणच्या बिलातला वीज आकार काढून सगळा स्थिर आकारात टाकावा, तसं. बिलात आयओचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त असेल तर हे परवडतं, असं ते स्वतःच सांगतात. वरच्या उदाहरणात ९६८ चे ६३२ होतात, आणि हिशोबनीस सुटकेचा निःश्वास टाकतो. पण आधी इंडेक्स लावून आयओ सेकंदाला १०० वर आणले, तर मीटरवाल्या योजनेत एकूण खर्च येतो ५०२. म्हणजे सपाट दरामुळे गलथान क्वेरीचे ३३६ डॉलर वाचतात आणि नीटनेटक्या क्वेरीवर १३० जास्त पडतात. अंदाजपत्रक आधीच सांगता यावं लागतं अशा ठिकाणी, सरकारी कामात विशेषतः, मी स्वतःच ऑप्टिमाइज्ड सुचवते. लेखनच भरमसाट असेल आणि ते टाळता येण्यासारखं नसेल तिथेही. एरवी मला मीटर हवा असतो. ज्या मीटरला मी इतकी वर्षं सापळा म्हणत आले, त्याची बाजू घेऊन आता मी क्लाएंटशी भांडते, याची गंमत मला कळते.

जुन्या आवृत्त्यांवरच्या दंडाचंही तसंच झालं. मायएसक्यूएल ५.७ चा मूळ आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, आणि १ मार्च २०२४ पासून आरडीएसवर ५.७ चालवत राहणाऱ्यांना दर व्हीसीपीयूमागे तासाला १० सेंट लागू झाले, तिसऱ्या वर्षी त्याचे दुप्पट. आठ व्हीसीपीयूंच्या यंत्राला महिन्याला ५७६ डॉलर, फक्त जुनं राहण्याचे. एका क्लाएंटचे संस्थापक माझ्यावरच चिडले, जणू दर मी ठरवला होता. पण जुनी आवृत्ती सुरक्षित ठेवायला कुणाला तरी बसून तिच्यात दुरुस्त्या कराव्या लागतात. आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर ते काम कुणीच करत नव्हतं, म्हणून ते फुकट दिसायचं.

पूर्ण धर्मांतर झालेलं नाही, हे जुन्या सहकाऱ्यांच्या समाधानासाठी सांगते. ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं, तेव्हा आरडीएस आणि सर्चच्या सेवेवर त्यांचे वर्षाला पाच लाख डॉलरहून जास्त जात होते. त्यांनी यंत्रं विकत घेतली. मला ते पूर्ण पटतं. भार वर्षभर एकसारखा, वाढ सावकाश, आणि सर्व्हर चालवणारी अनुभवी टीम आधीच पगारावर, अशी त्यांची परिस्थिती. या तीन गोष्टी असणाऱ्याला मीसुद्धा आज तेच सांगेन. पुण्या-मुंबईतल्या माझ्या बहुतेक क्लाएंटकडे तिसरी गोष्ट नसते. एखादा चांगला मुलगा असतो, तो शिकतो आणि दीड-दोन वर्षांत बंगळूरला किंवा परदेशी जातो. त्याच्या मागे राहते एक रेप्लिका, जिचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो.

पतसंस्थेचा डेटाबेस अजून त्यांच्याच सर्व्हरवर आहे. तो ४० जीबीचा आहे, संध्याकाळी सहानंतर त्याला हात लागत नाही, आणि बॅकअप दर महिन्याला रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय मी माझं बिल लावत नाही. त्यांना ऑरोरा विकणं मला जमणार नाही आणि जमू नये. त्या डॅशबोर्डवाल्यांचा मुख्य डेटाबेस ऑरोरावर आहे, मीटरवर, आणि स्वस्तात चालला आहे. त्यांचाच रिपोर्टिंगचा क्लस्टर मात्र सध्या ऑप्टिमाइज्डवर ठेवावा लागलाय, कारण तिथल्या टीमला क्वेरी बदलायला मार्चअखेर संपेपर्यंत सवड नाही. मीटरवर परत केव्हाही येता येतं, ऑप्टिमाइज्डवर जाण्याला मात्र तीस दिवसांतून एकदाच परवानगी आहे. म्हणून एप्रिलमध्ये घाई न करता आधी एक आठवडा आयओचे आकडे बघायचे आणि मगच स्विच फिरवायचा, असं ठरलंय.